डेलियाला जायचंय

सतरा सप्टेंबरला आमच्या देशात राज्यघटना दिन असतो, आणि सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक शाळेनं त्या दिवशी मुलांना राज्यघटना शिकवलीच पाहिजे असा कायदा आहे. स्वातंत्र्य हे सक्तीनंच शिकवावं लागतं. नाहीतर मुलं ते आपल्या मनानं घ्यायला लागतात आणि मग शाळा चालवणं अवघड होऊन बसतं. मी वॉर्ड ओस्टरहाउट, ओहायोतल्या एल्डरब्रूक गावच्या शाळेचा उपमुख्याध्यापक. त्या दिवशी आठवीच्या वर्गात टिबेट्स बाईंच्या तासाचं निरीक्षण करायला मी मागच्या बाकावर बसलो होतो. तेव्हा जे घडलं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. गावात लोक तिखटमीठ लावून सांगतात, त्यावर जाऊ नका.

टिबेट्स बाई हाडाच्या शिक्षिका. ऑगस्टमध्ये शाळा उघडली त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं होतं की या वर्गात राजा नाही. इथली सत्ता माझी नाही, तुमची. तुमचं सरकार तुम्हीच बनवा. पोरांनी दोन आठवडे भांडून वर्गाची घटना लिहिली. एक प्रतिनिधी सभा, एक सेनेट, एक राष्ट्राध्यक्ष आणि तीन जणांचं कोर्ट. सेनेटमध्ये प्रत्येक रांगेचे दोन सभासद. खिडकीजवळच्या रांगेत जेमतेम तीन पोरं बसतात, पण त्यांचेही दोनच, कारण मोठ्यांनी लहानांना गिळू नये. बाईंनी आपली सगळी सत्ता सोडून दिली. गृहपाठ, परीक्षा आणि गुण तेवढे स्वतःकडे ठेवले. हसू नका. आमच्या खऱ्या घटनाकारांनीसुद्धा सगळ्यांना स्वातंत्र्य देताना कुणाकुणाला वगळायचं ते नीट लक्षात ठेवलं होतं.

आता पासबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे तास चालू असताना मुलाला वर्गाबाहेर पडायचं, तर हातात पास लागतो. टिबेट्स बाईंचा पास म्हणजे हातभर लांब लाकडी फळी, वर पंख पसरलेला गरुड रंगवलेला. फळी घेऊन निघालेलं पोर लांबूनच ओळखू येतं, आणि ते कुठं निघालंय हेही. वर्गाच्या घटनेत भाषणस्वातंत्र्य होतं, छापण्याचं स्वातंत्र्य होतं, डब्यातला खाऊ जप्त न होण्याचा हक्क होता. फळी कुणी द्यायची, एवढं मात्र लिहायचं राहून गेलं होतं. आणि त्याच सकाळी पालकसंघानं घटना दिनानिमित्त सगळ्या शाळेला सफरचंदाचा ताजा रस फुकट वाटला होता.

डेलिया क्रॉथर ही तिसऱ्या रांगेतली शांत मुलगी. ती सभेत नव्हती, सेनेटमध्ये नव्हती, कोर्टातही नव्हती. थोडक्यात, ती जनता होती. तिनं दोन मोठे पेले रस प्यायला होता. तास जरा रंगात आला आणि तिनं हात वर केला.

“बाई, मी जाऊन येऊ?”

टिबेट्स बाईंचा चेहरा उजळला. असा क्षण शिक्षकाच्या आयुष्यात एकदाच येतो, आणि तोही निरीक्षक मागं बसलेला असताना. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि डेलियाला म्हणाल्या, “हे मला का विचारतेस? सत्ता कुणाची?”

“लोकांची,” डेलिया म्हणाली.

“मग लोकांना विचार.”

पाठ्यविषय रोजच्या जगण्याशी जोडणे या सदराखाली मी बाईंना तिथल्या तिथं पैकीच्या पैकी गुण दिले.

प्रतिनिधी सभेची अध्यक्ष होती इमोजेन फाल्क. डोक्यावर, त्या दिवशी सगळ्या वर्गानंच घातला होता तसा कापसाच्या गोळ्यांचा पांढरा टोप, हातात हातोडीच्या जागी मोठी पट्टी. तिनं पहिलीच हरकत घेतली की एका माणसासाठी कायदा करता येत नाही. एकाला सवलत दिली की तो झाला सरदार, आणि सरदारांना कंटाळूनच तर आपले लोक इंग्लंडच्या राजाशी लढले. मुद्दा बिनतोड होता. म्हणून डेलियाच्या विनंतीचं ‘वर्गाबाहेर मुक्त संचार विधेयक’ झालं. मग गरज कशाला म्हणायची, ती खरी आहे हे कुणी ठरवायचं, यावर चर्चा झाली. मग एकानं उठून सांगितलं की विधेयकात वर्गात गम चघळायची मुभा घातली तरच आमच्या बाजूची मतं मिळतील. दुसऱ्याला शुक्रवारी पिझ्झा हवा होता. तिसऱ्याला उन्हाच्या बाजूला पडदा हवा होता. सगळ्यांना सगळं देता देता विधेयक चांगलंच बाळसं धरू लागलं, आणि डेलियाचं बाहेर जाणं शेवटच्या कलमाच्या खाली जाऊन पडलं.

डेलिया एव्हाना बाकाच्या कडेवर आली होती. इमोजेननं तिला समजावलं, “अगं डेले, किती चुळबुळ करतेस! लोकशाहीला वेळ लागतो.”

“लोकशाहीला लागू दे गं,” डेलिया म्हणाली. “मला लागलीये.”

सभेनं विधेयक मंजूर केलं आणि ते सेनेटमध्ये गेलं, म्हणजे वर्गाच्या दुसऱ्या कोपऱ्यात. तिथं घोडं अडलं. खिडकीच्या रांगेचा सेनेटर थॅड नोक्स उभा राहिला. त्याचं म्हणणं असं की आमची रांग दारापासून सगळ्यात लांब, तेव्हा मुक्त संचाराचा फायदा दाराजवळच्यांनाच जास्त, आमच्या लोकांना काय मिळालं? उत्तर मिळेपर्यंत तो बोलत राहणार होता, आणि बोलणाऱ्या सेनेटरला खाली बसवायचं नाही असा त्यांचा नियम. बाईंनी मला हळूच सांगितलं की ही सोय काही देशाच्या मूळ घटनेतही नाही, ती पुढं ओलीवर बुरशी येते तशी आपोआप आली. पण मुलांना ती कशी सुचली याचं त्यांना फार कौतुक वाटत होतं.

थॅडचे मुद्दे लवकरच संपले. तेव्हा त्यानं हाताशी होतं ते भूगोलाचं पुस्तक उघडलं आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. पान नायगरा धबधब्याचं निघालं. पोराच्या मनात पाप नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण किती पाणी कोसळतं, ते कसं उसळतं, खाली कसं फेसाळतं, हे तो इतकं सावकाश आणि स्पष्ट वाचत होता की डेलियानं बाकावर कपाळ टेकलं आणि दोन्ही पाय एकमेकांत घट्ट अडकवून घेतले.

अखेर खिडकीच्या रांगेला दोन जादा पडदे कबूल करून धबधबा थांबवला. विधेयक राष्ट्राध्यक्षांकडे गेलं. राष्ट्राध्यक्ष प्रेस्टन हॉल्वर्सन हा गृहपाठ बंद करीन असं सांगून निवडून आला होता, आणि ते आपल्या हातात नाही हे त्याला निवडून आल्यावर कळलं होतं. त्यानं विधेयक वाचलं आणि सही करायला साफ नकार दिला.

“माझी आई दातांची डॉक्टर आहे,” तो म्हणाला. “गमवर सही करून मी घरी जाऊ कसा?”

डेलियानं मान वर करून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मला तिची दया आली, अगदी मनापासून आली. पण माझं काम निरीक्षणाचं, दयेचं नव्हे.

आता इथं आपल्या घटनेची थोरवी बघा. राष्ट्राध्यक्षानं नाही म्हटलं तरी दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमतानं पुन्हा मंजूर केलं की कायदा होतो. पिझ्झ्याच्या नावानं सगळे हात वर गेले. टाळ्या झाल्या. डेलिया उठली, दाराजवळच्या खिळ्यावरची फळी तिनं हातात घेतली, आणि तेवढ्यात प्रेस्टन म्हणाला की मी कोर्टात जातो.

कोर्ट म्हणजे कचऱ्याच्या काळ्या पिशव्यांचे झगे घातलेली तीन मुलं. मुख्य न्यायमूर्ती एज्रा वॉल्डो, अत्यंत सरळ पोर. परीक्षेत कुणी त्याची उत्तरं पाहिली तर स्वतःच्या पेपरवर तसं लिहून देणारा. त्यांनी फळी परत खिळ्याला लावायला सांगितली, कोपऱ्यात जाऊन बराच वेळ कुजबुज केली, आणि मग एज्रानं निकाल दिला.

“डेलियाची बाजू आम्हाला पटते. तिला त्रास होतोय हेही दिसतंय. पण कोर्ट नुसत्या भीतीवर बाहेर जायचं कलम लागू करत नाही. अजून तिचं प्रत्यक्ष नुकसान काहीच झालेलं नाही. झालं की या.”

माझ्या अंगावर काटा आला. तेरा वर्षांचं पोर, आणि बोलणं थेट राजधानीतल्या न्यायमूर्तींचं! इतक्या वर्षांत एवढा सुंदर तास मी पाहिला नव्हता. माझ्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. डेलियाच्याही राहिलं.

काही लोक मला म्हणतात की सर, तुम्ही उठून तिला पाठवायचं होतंत. पाठवू शकलो असतो, तेवढा अधिकार मला आहे. पण निरीक्षकानं चालू तासात ढवळाढवळ करू नये असा शाळेचा नियम आहे, आणि तो नियम मीच केलेला आहे.

डेलियानं डोक्यावरचा कापसाचा टोप काढून बाकावर ठेवला. फळ्याच्या वर टिबेट्स बाईंनी स्वतःच्या सुरेख अक्षरात देशाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातल्या ओळी लिहून एक मोठा कागद चिकटवला होता. तिनं त्याच्याकडे बोट दाखवलं.

“बाई, तिथं तुम्हीच लिहिलंय. सरकार लोकांच्या मुळावर आलं तर लोकांनी ते बदलावं, नाहीतर मोडावं.”

“लिहिलंय ना,” बाई म्हणाल्या. “पण बाळा, त्याची एक रीत असते.”

“रीत कुठं लिहिलीये?”

बाईंनी कागदाकडे पाहिलं. पूर्ण वर्गानं पाहिलं. मीही पाहिलं. रीत लिहिलेली नव्हती. आणि डेलिया दार ढकलून निघून गेली, हातात फळी न घेता. दाराला कडी नव्हतीच. आगीच्या धोक्यामुळं आमच्या कुठल्याच वर्गाच्या दाराला आतून कडी नसते.

मला वाटलं, आता सगळेच उठणार. रस सगळ्यांनीच प्यायला होता. इमोजेन मघापासून एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती, आणि राष्ट्राध्यक्षांनी गुडघे आवळून धरले होते ते मी सहीच्या वेळेसच पाहिलं होतं. उघड्या दाराकडे सगळे टक लावून बघत होते. उठलं कुणीच नाही. शेवटी एज्रानं हात वर करून विचारलं की आता तिचं नुकसान व्हायची शक्यता उरली नाही, तर खटला बंद करायचा का?

तेव्हा टिबेट्स बाई मागं माझ्याजवळ आल्या आणि खाली वाकून अगदी हळू म्हणाल्या, “सर, दोन मिनिटं वर्गाकडे बघाल? सकाळपासून मलाही…”

शिक्षकानं वर्ग एकटा सोडायचा नाही, हे तुम्हाला माहीतच असेल. मी त्यांना सौम्य शब्दांत आठवण करून दिली की बदली माणूस हवा असेल तर आदल्या दिवशी कार्यालयात कळवावं लागतं. त्यांनी मान हलवली, फळ्यापाशी परत गेल्या, आणि कुणा एकाच्या हातात सगळी सत्ता जाऊ नये म्हणून आपल्या पूर्वजांनी काय काय योजना केल्या होत्या ते तास संपेपर्यंत शिकवलं. उभ्या मात्र त्या जरा तिरक्या राहिल्या. आदर्श शिक्षिका म्हणतात ती ही.

डेलिया परत आली तेव्हा तिचा चेहरा एवढा मोकळा होता की मला तिला काही बोलवेना. पण नियम तो नियम. पासाशिवाय व्हरांड्यात फिरल्याबद्दल तिला शुक्रवारी मधल्या सुट्टीत कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसायची शिक्षा झाली, आणि ती माझ्याच सहीनं झाली. त्याच शुक्रवारी, तिच्याच विधेयकाच्या पुण्याईनं, वर्गानं पिझ्झा खाल्ला. जेवण झाल्यावर दोन्ही सभागृहांनी डेलियाच्या धैर्याचा गौरव करणारा ठराव एकमतानं मंजूर केला. ठरावाची प्रत द्यायला ते तिच्याकडे येणार होते, पण शिक्षा भोगणाऱ्याशी बोलायला मनाई असते.

यंदा डेलिया हायस्कूलला गेली. तिची आठवण मात्र आम्ही जपली आहे. गरुडाची फळी आता व्हरांड्यात काचेच्या कपाटात ठेवली आहे, तिला हात लावायला बंदी आहे. तेव्हापासून बाहेर जायचं तर वेगळा पास मिळतो, पण त्यासाठी अर्ज लागतो. या सतरा सप्टेंबरला नव्या आठवीनं ‘डेलियाचं प्रस्थान’ हे तीन अंकी नाटक केलं. जिल्ह्याचे शिक्षणाधिकारी मुद्दाम आले होते. डेलियाचं काम रोवेना स्टिप नावाच्या बारीकशा मुलीकडे होतं. रस यंदाही वाटला होता. पहिला अंक संपता संपता रोवेना टिबेट्स बाईंजवळ गेली आणि कानात काहीतरी म्हणाली.

“बाळा, तुझं बाहेर जाणं तिसऱ्या अंकात आहे,” बाई म्हणाल्या. “तोवर थांब.”

ती थांबली. काय अभिनय केला पोरीनं! ती तळमळ, तो घाम, ते ओठ चावणं, अगदी खरं वाटत होतं. दार ढकलून ती धावत सुटली तेव्हा सगळं सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. नंतर शिक्षणाधिकाऱ्यांचं स्वातंत्र्यावर लांबलचक भाषण झालं. खरं सांगतो, रस मीही दोन पेले घेतला होता. पण साहेब बोलत असताना मधूनच उठायचं म्हणजे कसं दिसतं!

तुम्ही हसताय. हसा. पण हे वाचताना तुम्हालाही मध्येच कधीतरी उठावंसं वाटलं असेल. गॅसवर काही ठेवलं असेल, कुणी हाक मारली असेल, किंवा डेलियासारखं झालं असेल. तरी एवढं झालं की जाऊ, एवढं झालं की जाऊ, करत इथवर बसलातच ना? मी काही दाराला कडी घातली नव्हती.

असो. तास संपला. आता जा, माझी परवानगी आहे.