अवो, जरा इकडे येता काय?

हिंमतरावांच्या हरभऱ्यात भोंगा जीव तोडून ओरडत होता आणि भोंग्याच्या खांबाला एक रोही, म्हणजे नीलगाय, पाठ घासत उभा होता. बाकीचा कळप घाटे खात होता. भोंग्यातला आवाज खुद्द हिंमतरावांचा. "हाऽऽड्! हुर्रर्र! धर रे त्याले!" असे घसा फोडून त्यांनी तो मेमरी कार्डात भरला होता. सुरुवातीला रोही उधळले. मग थांबून ऐकू लागले. आता अमडापूरच्या त्या शिवारात हिंमतरावांचे ओरडणे म्हणजे पंगतीला या म्हणून दिलेला आवाज, असा रोह्यांचा समज झाला होता.

"मामा, हे तं तुमाले भेतच नाहीत," बांधावर उभी राहून प्रेरणा म्हणाली. प्रेरणा ही त्यांची जळगाव जामोदची भाची. संभाजीनगरला सिनेमाचा कोर्स करत होती आणि परीक्षेसाठी एका भुताच्या सिनेमाचा ट्रेलर बनवायला म्हणून मामाच्या गावी आली होती.

"अवं, मले घरीच कोनी भेत नाही, तं रोही कायले भेतीन?"

"तसं नाही. एकच आवाज, एकाच चालीवर, रातभर. कोन भेईन? आमी ट्रेलरमध्ये भूत दाखवतच नाही. आधी घरातले रोजचे आवाज. मंग एकदम चूप. मानूस कान टवकारते, आता येईन, आता येईन. काहीच येत नाही. थो जरासा ढिला पडला की मंग एकच आवाज, थोही हळू. अन् दर वेळी थांबायचं कमीजास्त, म्हंजे त्याले सवय लागत नाही. भूत ज्याचं त्यानं आपल्या मनातून आनावं."

हिंमतरावांनी हरभऱ्याकडे पाहिले. घाटे भरून वाळायला लागले होते. सोंगणीपर्यंत पीक टिकले तर यंदा घरात हरभरा येणार, नाहीतर नुसत्या काड्या. "मंग मले एक ट्रेलर करून दे ना," ते म्हणाले. "रोह्यासाठी."

"देते. आधी सांगा, तुमाले सगळ्यात जास्त भेव कायचं वाटते?"

घर तिथून चांगले लांब होते, तरी हिंमतरावांनी आवाज खाली आणला. "तुह्या मामीचं. भांडते तवा नाही बरं. भांडे आपटते तवाही नाही. पन आपटता आपटता एकदम चूप होते. काही म्हनता काही आवाज नाही. अन् मंग सैपाकघरातून गोड आवाजात म्हनते, 'अवो, जरा इकडे येता काय?'"

सांगतानाच त्यांच्या हातावर काटा उभा राहिला. तो काटा प्रेरणाने पाहिला आणि तिला तिचा ट्रेलर सापडला.

त्याच दिवशी तिने मोबाइल पिठाच्या डब्यामागे लपवून ठेवला. मालमसाला पुरवण्याची जबाबदारी हिंमतरावांची. ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून बायकोला सहज म्हणाले, "तुह्या भावानं देल्ली म्हैस दूध कमी देते अन् खाते जास्त." ही म्हैस म्हणजे मामीच्या, सुभद्राबाईंच्या, माहेरची अब्रू. शेतीसाठी माणूस काय काय करतो, हे लोकांना कळत नाही. पुढचे सगळे ठरल्याप्रमाणे झाले. तवा आपटला, परात आपटली, कढईवरचे चेपलेले झाकण जमिनीवर गरगर फिरून बसले. मग शांतता. मग बांगड्यांचा किंचित आवाज. मग, "अवो... जरा इकडे येता काय?" हिंमतराव गेले. आत काय झाले ते कार्डात भरण्यासारखे नव्हते.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नवा भोंगा सुरू झाला. भांड्यांच्या आवाजावर रोह्यांनी नुसते कान हलवले. शांतता झाली तशा माना वर आल्या. बांगड्या वाजल्या आणि "अवो" आला, तेव्हा जो कळप सुटला तो नाल्यापलीकडे जाऊनच थांबला. हिंमतरावांनी आनंदाने भाचीला टाळी दिली. "पोरी, तू लय नाव काढशीन!"

पण भोंगा फक्त रोह्यांनाच ऐकू जातो अशी सोय अजून निघालेली नाही. शेजारच्या वावरात शालिग्राम गव्हाला पाणी देत होता. त्याला ऐकू आले, "अवो... जरा इकडे येता काय?" आता आमच्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नाही. चिखली तालुक्यात जेवढे लग्न झालेले पुरुष, तेवढे सगळे 'अवो'. शालिग्राम "ओ, आलो आलो" म्हणत फावडे टाकून घरी पळाला. घरी त्याची बायको चांगुणा भाकरी थापत होती.

"काय म्हनत होती व?"

"मी कवा काय म्हनलं?"

"आत्ता बलावलं ना मले वावरात!"

"मी इथं चुलीपाशी, तुमी तिकडं वावरात. मी तुमाले कशी बलावू?"

वावरात पाण्याने पाटाचा दांड फोडून अर्धा गहू बुडवला, पण शालिग्रामचे तिकडे लक्ष नव्हते. त्याला आजीने सांगितलेले आठवत होते. माणसाची हाक तीनदा येते, भुताची एकदाच. तिसरी हाक ऐकल्याशिवाय ओ देऊ नये. आणि त्याने पहिल्याच हाकेला ओ दिली होती, वर "आलो आलो" असे दोनदा कबूलही केले होते. सकाळी त्याला सणसणून ताप भरला.

चहाच्या टपरीवर विषय निघाला तेव्हा आधी कोणी बोलेना. मग एकाने कबूल केले, मग दुसऱ्याने, आणि बघता बघता गावातले निम्मे पुरुष त्या हाकेला ओ देऊन बसले होते असे निघाले. प्रत्येकजण शपथेवर सांगत होता की आवाज अगदी आपल्याच बायकोचा होता. प्रेरणाने ऐकले असते तर तिला पैकीच्या पैकी गुण मिळाल्यासारखे वाटले असते.

बायकांचा मात्र भुतावर विश्वास बसला नाही. सोंगणीची टोळी चांगुणाची. ती सरळ हिंमतरावांच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. "भूत बीत काही नाही. तुमच्या वावरात कोनतरी सटवी येते अन् दुसऱ्याच्या नवऱ्याले 'अवो' म्हनते. तिचा निकाल लागल्याबिगर माह्या टोळीतली एक बाई तुमच्या हरभऱ्यात पाय ठेवनार नाही."

हिंमतरावांच्या तोंडचे पाणी पळाले. हरभरा वाळून खडखडत होता. अजून थोडे थांबले तर घाटे गळून मातीत जाणार. खरे सांगावे तर बाजूलाच सुभद्राबाई उभ्या. रोह्यांना भिववायला तुझा आवाज लावला आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"माह्या वावरात?" सुभद्राबाईंनी पदर खोचला. "आजच चाला. पाहूच दे मले थे कोन हाये तं!"

दिवेलागणीला सगळी मंडळी बांधावर जमली. पुढे सुभद्राबाई, त्यांच्या मागे चांगुणा आणि टोळीतल्या बायका, सर्वांत मागे घोंगडी पांघरून शालिग्राम. प्रेरणाने मामाकडे पाहिले. मामाने आभाळाकडे पाहिले. भोंगा दिवेलागणीला आपोआप सुरू होणारा, आणि बंद करायला जायचे तर सगळ्यांच्या पुढून जावे लागणार होते.

भांडी आपटायला लागली.

"माय व! भांडेकुंडे घेऊन ऱ्हायाले आली का काय?" चांगुणा पुटपुटली.

झाकण गरगर फिरून बसले. सुभद्राबाईंच्या कपाळाला आठी पडली. "हे झाकन वळखीचं वाटते," त्या म्हणाल्या. मग सगळे चूप झाले. वाराही पडल्यासारखा वाटला. सुभद्राबाई कधी कोणाला भ्यायल्या नव्हत्या, पण त्यांनीही नकळत हिंमतरावांचे मनगट धरले. बांगड्या किणकिणल्या.

"अवो... जरा इकडे येता काय?"

शालिग्रामने दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड दाबले. पण हिंमतरावांना इतक्या वर्षांची सवय. "आलो, आलो!" ते म्हणाले, आणि म्हणाले ते भोंग्याकडे पाहून नव्हे, तर शेजारी उभ्या असलेल्या बायकोकडे तोंड करून.

आपला आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे कोणालाच ठाऊक नसते. सुभद्राबाईंनीही तो ओळखला नव्हता. पण नवऱ्याचे "आलो" त्यांनी बरोबर ओळखले. त्यांनी मनगट सोडले. झाकणाचे कोडेही सुटले. एक शब्द न बोलता त्या घराकडे चालू लागल्या.

हिंमतराव ओसरीवर बसले. आत तवा आपटला. परात आपटली. मग शांतता झाली. प्रेरणासुद्धा मोबाइल खाली ठेवून अंग चोरून बसली.

"अवो."

हिंमतराव आत गेले. सुभद्राबाई चुलीकडे तोंड करून बसल्या होत्या. "माह्या आवाजाचं एवढं भेव वाटते तुमाले? जनावरं पळावं एवढं?" त्यांचा आवाज भरून आला होता. हिंमतरावांना फार वाईट वाटले.

"आवाजाचं नाही व. त्याच्या आधी तू चूप होतं ना, त्याचं. वाटते, आता हे आपल्यासंग बोलनंच सोडते का काय."

सुभद्राबाईंनी आपटलेला तवा उचलून चुलीवर ठेवला. मग त्यांनी विचारले, "रोही खरंच पळाले?"

"नाल्यापार! पाठीमागं पाह्यलं नाही एकानंही."

"मले सांगितलं असतं तं अजून नीट म्हनलं असतं," त्या म्हणाल्या, आणि हिंमतरावांच्या जिवात जीव आला.

सकाळी प्रेरणाने अडचण मांडली. "मामी, नुसतं 'अवो' म्हनलं की अख्खं गाव उठते. नाव घ्या लागन."

"बाप्पा! उखान्याबिगर मी कदी नाव घेतलं नाही यायचं."

"तं उखानाच घ्या."

संध्याकाळी अमडापूरच्या शिवारात भांडी आपटली, झाकण गरगरले, सगळीकडे चूप झाले, बांगड्या वाजल्या आणि भोंग्यातून संथ, गोड आवाज आला, "हरभऱ्याले घाटे, गव्हाले ओंब्या दाट, हिंमतराव, घरी या, मी पाहून राह्यली वाट."

रोही पहिल्यापेक्षा जास्त पळाले. बाकीच्या पुरुषांनी सुटकेचा श्वास टाकला आणि शालिग्रामचा ताप उतरला. चांगुणाची टोळी हसत हसत आली आणि उखाणा म्हणत म्हणत हरभरा सोंगून गेली. एक घाटा वाया गेला नाही.

हाल झाले ते हिंमतरावांचेच. दिवेलागणीला ते टपरीवर पान तोंडात घालतात न घालतात तोच भांडी वाजायला लागत. सगळी टपरी चूप होऊन त्यांच्याकडे बघे. "जा, हिंमतराव, वाट पाहून राह्यली!" ते निमूट उठत. रोह्यांना जशी आपल्या आवाजाची सवय झाली, तशी आपल्यालाही हिच्या आवाजाची होईल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पण प्रेरणाने थांबण्याचा वेळ कमीजास्त ठेवला होता. सवय काही लागेना.

हरभरा घरात येऊन पडला तसे ते शिडी घेऊन वावरात गेले आणि खांबावर चढले. खाली सुभद्राबाई येऊन उभ्या राहिल्या.

"कायले काढता?"

"हरभरा आला ना घरी. आता रोही कायले येतीन?"

"रोह्यायचं कोन म्हनते?" सुभद्राबाई गोड आवाजात म्हणाल्या.

हिंमतराव निमूटपणे शिडी उतरून खाली आले. घरी परतले तर ओसरीवर चांगुणा प्रेरणापाशी बसली होती. "पोरी, मलेही एक उखाना सुचला," ती लाजत म्हणत होती. "गव्हाच्या सोंगनीले आमच्या वावरात बी एक भोंगा बसवून देतं काय?"

शालिग्रामला त्याच दिवशी पुन्हा ताप भरला.