बस्त्याव सरांचा घसा

बस्त्याव सरांचा आवाज वर्गातून निघून आगाशीच्या बाजारात भाजी घेणाऱ्यालाही ऐकू जातो. पण त्यांच्या हातात वाचायला कागद द्या, त्याच क्षणी त्यांचा घसा बसतो. "नाय जमनार टीचर, घसा गेला!" असं म्हणत ते खडीसाखर तोंडात टाकतात आणि कागद माझ्या हातात येतो. शाळेतली सगळी परिपत्रकं मीच वाचते. फादरांनी एकदा रविवारच्या मिस्सात बायबलमधला उतारा वाचायला सांगितला, तर हा गृहस्थ भर मे महिन्यात मफलर गुंडाळून चर्चमध्ये हजर!

इतिहास मात्र तोंडपाठ. पुस्तक न उघडता सांगणार, "पान बेचाळीस, डावीकडं, खालून तिसरी ओळ." मला हा निव्वळ दिखाऊपणा वाटायचा. वर मुलांना अभिमानानं ऐकवणार, "तिसरीत दोनदा, पाचवीत दोनदा नापास झालोय मी!" पेपर तपासून देण्यात मात्र सगळ्यांत शेवटी. विचारलं तर म्हणणार, "कुठं आग लागलीय, टीचर?"

यंदा आठवीतल्या दर्शनाचे वडील तिचा दाखला मागायला स्टाफरूममध्ये आले. पोरीला वाचता येत नाही, घरी येऊन रडते, मग शाळेत पाठवायची कशाला? तिला रोज वर्गात वाचायला उभी करणारी मीच. "मी खूप प्रयत्न केले हो," मी म्हटलं. दर्शना मान खाली घालून उभी होती.

शेजारच्या खुर्चीतून सर उठले. माझ्यासमोरचं मराठीचं पुस्तक त्यांनी उचललं, अक्षरांखाली बोट धरलं आणि मोठ्यानं वाचू लागले. अडखळले, मागे आले, पुन्हा अडखळले. चार ओळींना पाच मिनिटं लागली. वडील आधी हसले, मग त्यांनी नजर वळवली.

"ल्हानपनापासून अक्षरं नाचतात माझ्यापुढं," सर घाम पुसत म्हणाले. "धडे घरी बायको वाचते, मी ऐकून पान-ओळीसकट पाठ करतो. असाच शिकलो, असाच शिकवतोय. पोरीला राहू द्या दादा. मी बसतो तिच्याबरोबर."

वीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसतेय. मला मनापासून लाज वाटली.

दाखला न घेताच वडील गेले. आता शाळा सुटली की दोघं एकाच पुस्तकावर वाकून बसतात. एक ओळ तिची, एक त्यांची. परवा सर एका जोडाक्षराशी अडले. दर्शनानं तो शब्द हळूच फोडून सांगितला.

"थँक्यू गो बाय," सर म्हणाले.

पुढची ओळ दर्शनाची होती, त्यानंतरची त्यांची. दोन्ही तिनंच वाचून टाकल्या, मोठ्यानं.