मोठ्या ड्रमची दहावी

आमच्या शाळेच्या बँडमधला मोठा ड्रम यंदा दहावीला बसला, आणि तो पास होऊ नये अशी मुख्याध्यापकांची फार इच्छा होती.

तो विद्यार्थी कसा झाला, हे आधी सांगायला हवं. राज्य बँड स्पर्धेला तीस मुलं लागतात. तीन वर्षांपूर्वी आमची एकोणतीसच होती. क्लार्कने वाद्यांच्या यादीतला ड्रम चुकून मुलांच्या यादीत तिसावा लिहिला आणि यादी जिल्ह्याला गेली. एकदा वर गेलेलं नाव खाली येत नाही, हे सरकारी शाळेत शिपायालाही ठाऊक असतं. मग खरेदीची पावती शोधली, तीच जन्मतारीख धरली, तेरा वर्षं भरत होती, म्हणून ड्रमला आठवीत बसवलं. मी बँड शिकवतो, त्यामुळे त्याची हजेरी माझ्याकडे आली. नाव पुकारलं की मेघना खताळ त्याच्यावर एक टोला देई आणि मी 'हजर' मांडत असे.

मेघना त्याच्याहून एक इयत्ता खाली. पोरगी इतकी लहानखुरी, की ड्रम गळ्यात अडकवला की समोरून तिची फक्त पावलं दिसतात. पण या दोघांनी सलग तीन वर्षं राज्याचा करंडक आणला.

मुख्याध्यापक डांगे सरांचं म्हणणं सरळ होतं. ड्रम पास झाला की दाखला घेऊन जाणार. मग ऑगस्टच्या स्पर्धेत वाजवायचं काय? नवा आणला तर त्याचा जन्म यंदाचा, त्याला पहिलीत बसायलाच सहा वर्षं लागणार. जुना आणावा तर आधीच्या शाळेचा दाखला हवा.

ड्रमला हात नसल्याने बोर्डाने लेखनिक मंजूर केला. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा, असा नियम आहे. ड्रमचं बोलणं मेघनाशिवाय कोणाला कळत नव्हतं, त्यामुळे तिचंच नाव गेलं. डांगे सरांनी तिला ऑफिसात बोलावलं. मीही होतो.

"बाळ, गणितात एखादं शून्य इकडचं तिकडं झालं, तर कोणाला कळणार आहे?"

"मला कळंल की सर."

"करंडक नको का तुला?"

"पाहिजे. लई पाहिजे." तिचे डोळे भरून आले. "पण त्याला पास व्हायचंय. तो सांगंल तेच मी लिहिणार."

"तो कुठं सांगतो? टोला तर तूच मारतेस."

"तीन वर्षं शाळेनं त्याची हजेरी मांडली सर. तवा नाय विचारलंत."

डांगे सर पेपरवेट फिरवत बसले. मला तिचा अभिमान वाटला आणि स्वतःची लाज वाटली, कारण मनातून मलाही करंडक हवाच होता.

आवाजाचा इतरांना त्रास नको म्हणून परीक्षा केंद्राने ड्रमला वेगळी खोली दिली. मेघना प्रश्न वाचायची, हलका टोला द्यायची, चामड्याला कान लावायची आणि लिहायची. भूगोलात त्याने एका नदीचा उगम चुकीचा सांगितला. तिला बरोबर उत्तर माहीत होतं. तिने चुकीचंच लिहिलं आणि घरी जाताना वाटभर त्याच्याशी बोलली नाही. गणिताच्या शेवटच्या प्रश्नाला तो चाळीस मिनिटं गप्प होता. ती हलली नाही. घंटेला पाच मिनिटं असताना त्याने उत्तर दिलं.

गणितात त्याला पस्तीस पडले. शेवटचं गणित तीन मार्कांचं होतं.

दाखल्यावर डांगे सरांनी स्वतःच्या हाताने 'वर्तणूक उत्तम' असं लिहिलं. तालुक्याच्या कॉलेजात अकरावीला प्रवेश मिळाला. मेघना त्याला एसटीत बसवून आली. गळ्यातला पट्टा शाळेच्या मालकीचा, तो तेवढा मागे राहिला.

ऑगस्टमध्ये आम्ही स्पर्धेला गेलो. आठवीतली एक मुलगी बासरी वाजवायला घेऊन तीसचा आकडा भरला होता. मेघना रिकामा पट्टा गळ्यात घालून आपल्या जागी चालली. जिथे ड्रमचा टोला यायचा, तिथे तिसांनीही डावा पाय आपटला. त्यासाठी महिनाभर पोरांनी टाचा सुजवून घेतल्या होत्या. मोठा ड्रम कुठे आहे, असं परीक्षकांनी विचारलं. अकरावीत आहे, असं मी सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं. आमचा दुसरा नंबर आला.

दिवाळीनंतर कॉलेजचं पत्र आलं. 'आपला माजी विद्यार्थी वर्गात नियमित असून अभ्यासात बरा आहे. तथापि कॉलेजच्या बँडमध्ये कोणीही टोला दिला तरी तो वाजत नाही. कारण कळवावे.'

पत्र मी मेघनाला दाखवलं. तिने ते दोनदा वाचलं, घडी घालून परत दिलं आणि भूमितीचं पुस्तक पुन्हा उघडलं.

उत्तर मी त्याच दिवशी जावक क्रमांक घालून पाठवलं. 'कारण सध्या दहावीत आहे. जूनमध्ये हजर होईल.'