दृष्ट लागण्यासारखं विमान

प्रसन्न पोतनीसने ज्या विमानाचं कौतुक केलं, त्या विमानाला दृष्ट लागली आणि त्याने इंधन पिणं सोडलं.

सुरुवातीला कोणाच्या हे लक्षात आलं नाही. विमान गगनसखी एअरलाइन्सचं, मुक्कामाला नाशिकला. सकाळी टँकर जवळ आला की ते नाक दुसरीकडे वळवायचं. इंजिनिअर गावितांनी टाकी तपासली, नळी तपासली, पंप बदलून पाहिला. दुपारी विमानाला जांभया यायला लागल्या. सामानाचं दार आपोआप उघडायचं, बराच वेळ आ वासून राहायचं आणि सावकाश मिटायचं. गावितांच्या घरात तीन लेकरं लहानाची मोठी झालेली, त्यामुळे निदानासाठी त्यांना पुस्तक उघडावं लागलं नाही. त्यांनी शिडीची गाडी मागवली, नियमाप्रमाणे अग्निशमन दलाला बाजूला उभं केलं आणि मीठ-मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेऊन विमानावरून उतरवून टाकल्या. "आल्यागेल्याची, शेजाऱ्यापाजाऱ्याची, सबस्क्राइबरांची," असं ते पुटपुटलेही. मिरच्या शेगडीत जळून कोळसा झाल्या, पण आसपासच्या एकालाही ठसका लागला नाही.

"कडक लागलीय," गावित म्हणाले.

कोणाची लागली, हे विचारायला काही काशीला जायला नको होतं. 'पोतनीस उडतात' हे चॅनल विमानतळावर झाडूवाल्यापासून मॅनेजरपर्यंत सगळे बघत, आणि सगळे घाबरून बघत. प्रसन्न पोतनीस विमानात बसायचा, स्वतःच्या पैशाने बसायचा, आणि उतरल्यावर विमानाची सालटी काढायचा. प्रसन्न हे नाव बारशाच्या दिवशी ठेवलेलं. त्यानंतर ते माणसाला लागू पडतंय का, हे कोणी तपासलं नव्हतं. विमा कंपनीतली बरी नोकरी सोडून तो या धंद्यात आला तो एका सँडविचमुळे. ते उघडून त्यात टॉर्चने काकडी शोधतानाचा व्हिडिओ लोकांनी डोक्यावर घेतला. मग त्याने मागे वळून पाहिलं नाही, कारण मागे वळायला सीटमध्ये जागा नसते, यावरही त्याचा एक व्हिडिओ होता. तोंडात सुपारी धरल्यासारखं बोलणारे पायलट, शेजाऱ्याने बळकावलेला खुर्चीचा हात, कोमट चहा, उकळता वारा, काही म्हणून त्याने सोडलं नाही. त्याच्याकडून विमान कंपन्यांना मिळालेला सर्वोच्च शेरा होता, "चालेल."

आणि मग तो गगनसखीने नाशिकहून नागपूरला गेला.

त्या प्रवासात काही बिघडलंच नाही. पोहे गरम होते आणि त्यांवर लिंबाची फोड होती. बी काढलेली. सूचना स्वच्छ मराठीत झाल्या. शेजारची खुर्ची रिकामी राहिली. ढगांतून विमान असं गेलं की कपातल्या चहाला कळलं नाही. प्रसन्न सबंध वेळ हातात पेन धरून बसला होता आणि उतरताना त्याच्या लक्षात आलं की पेनाचं टोपणही काढलेलं नाही. उतरल्यावर त्याने कॅमेऱ्यासमोर तोंड उघडलं, काही वेळ तसंच ठेवलं आणि म्हणाला, "काय सांगू? दृष्ट लागण्यासारखं विमान आहे."

मागच्या रांगेत बसून आलेली आणि आता कॅमेरा धरणारी त्याची बायको मृदुला हिने तिथंच "श्श!" केलं होतं. पण ते व्हिडिओत आलं नाही, आणि व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिला. लाखोंचे डोळे म्हणजे त्याच्या दुप्पट. एवढ्याने लोखंडाचंही पाणी होतं, हे तर ॲल्युमिनियम.

फोन आला तेव्हा प्रसन्न एका इडलीच्या कडकपणावर बोलत होता.

"मी गगनसखीच्या दृष्ट विभागातून कुमुद हळबे बोलते. पोतनीस साहेब, एक तक्रार पाहिजे होती."

"कशाबद्दल तक्रार आहे तुमची?"

"आमची नाही हो. तुमची पाहिजे. आमच्याबद्दल."

प्रसन्नने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे पाहिलं. "मॅडम, लोक मला तक्रार काढून टाका म्हणून फोन करतात. रडतात. आणि तुम्ही तक्रार घाला म्हणताय?"

"एकच. लहानशी. गालबोटाएवढी," हळबे बाई म्हणाल्या. "पोराला नटवलं की आपण गालावर तीट लावतो की नाही? तुम्ही तीट न लावताच आमचं पोर चौकात उभं केलंत."

"तुम्ही लावा ना मग! काळा रंग मिळत नाही का नाशकात?"

"लावला. पायलटच्या खिडकीखाली, चांगला ताटाएवढा. उपयोग झाला नाही. काळी बाहुली टांगून झाली. मागच्या बाजूला एका पायाचा जोडा बांधला, तर विमान खात्याने हरकत घेतली. म्हणाले, दोन्ही पायांचे बांधा, नाहीतर तोल जाईल. साहेब, दृष्ट शब्दाने लागलीय, तर तीटही शब्दाचीच लागणार. आणि ज्याने नजर लावली त्यानेच ती लावायची असते. हा काही आमचा नियम नाही, पूर्वीपासूनचा आहे."

"मी कॅमेऱ्यावर आजवर खोटं बोललेलो नाही," प्रसन्न म्हणाला. "त्या विमानात दोष नव्हता."

मग हळबे बाई साध्या आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडे ते एकच विमान आहे. ते उठलं नाही तर मालक भंगारात काढणार. सोमवारी भंगारवाला बघायला येतोय."

प्रसन्नला स्वतःचाच राग आला. आयुष्यभर एवढी विमानं शिव्या खाऊन धडधाकट उडत राहिली आणि जे एक मनापासून आवडलं ते अंथरुणाला खिळलं. त्याने इडली बाजूला ठेवली आणि मृदुलाला म्हणाला, "चल."

विमान एका कडेला उभं होतं. पंख उतरलेले, नाक खाली. प्रसन्नला पाहून त्याने सामानाचं दार अर्धवट उघडलं आणि पुन्हा मिटून घेतलं. हळबे बाई कॉटनची साडी आणि गळ्यात ओळखपत्र अशा वेशात शिडीपाशी थांबल्या होत्या. त्यांच्याजवळ गावित, हातात पान्हा, आणि मागे विमानाला नळी लावून ठेवलेला टँकर.

"सावकाश बघा," हळबे बाई म्हणाल्या. "काही ना काही सापडेलच. माणसाने केलेली वस्तू आहे."

प्रसन्नने शोधलं. ज्या कौशल्याने त्याने देशभरातल्या कंपन्यांना घाम फोडला होता, ते सगळं पणाला लावून शोधलं. तो प्रत्येक खुर्चीत बसला. गुडघे पुढच्या खुर्चीला लागावेत म्हणून खाली सरकून बसला, लागले नाहीत. गालिच्याखाली बोट घातलं, संडासातला नळ सोडून पाहिला, दिव्याची बटणं दाबली, मासिकांतली शब्दकोडीसुद्धा पाहिली. ती कोणी सोडवलेली नव्हती. शेवटी तो मधल्या वाटेत मटकन बसला.

"काही नाही," तो म्हणाला. "काही म्हणजे काही नाही. हा काय छळ आहे?"

"एखादा ट्रे मोडू का?" गावितांनी पान्हा वर केला.

"छे!" हळबे बाई ओरडल्या. "तीट वरून लावतात, गावित. त्यासाठी गाल कापत नाहीत."

मग खोटं बोलायचं ठरलं. प्रसन्नने ते ठरवलं तेव्हा त्याचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला होता, पण सोमवार जवळ आला होता. मृदुलाने कॅमेरा लावला. प्रसन्न घसा खाकरून म्हणाला, "पोहे... गार होते."

विमानाला एवढी मोठी जांभई आली की बाहेर शिडी हलली.

"परत," हळबे बाई म्हणाल्या.

"पोहे गार होते. लिंबू... लिंबाची फोड..." त्याचा आवाज हळवा झाला. "लिंबाची फोड जरा..."

"प्रसन्न, तुझा चेहरा बघ," मृदुला कॅमेऱ्यामागून म्हणाली. "लग्नात माझ्याकडेसुद्धा असं बघितलं नव्हतंस. कोण विश्वास ठेवेल?"

"मग मी काय करू?" प्रसन्न उसळला. "काय करू मी? सकाळपासून चहा नाही विचारला कोणी! एवढी मोठी कंपनी, एवढा मोठा दृष्ट विभाग, आणि पाहुण्याला पाणी द्यायची पद्धत नाही? हे गावित पान्हा घेऊन माझ्या डोक्यावर उभे! कधी माझ्या टाळक्यात बसेल काय सांगता येतं? आणि ही वाट! इथे माणसाने बसायचं कसं? बसलो तर उठायचं कसं? उकडतंय किती! एसी बंद का? विमान आजारी म्हणून माणसं पण मारायची का? मॅडम, तुम्ही मघापासून मान हलवताय, नंदीबैलासारखी, तोडगा काही सांगत नाही..."

"गप्प बसा!" गावित ओरडले. ते खिडकीतून बाहेर पाहत होते. "नाही नाही, गप्प बसू नका! बोला! पितंय!"

खाली टँकरची नळी ताठ झाली होती. विमान घटाघट इंधन पीत होतं. प्रसन्न आश्चर्याने थांबला, तसं तेही थांबलं.

"बोला की!" हळबे बाईंनी त्याला अक्षरशः ढोसलं.

"अरे पण असं ढोसून कोणी कसं बोलेल? ही काय रीत झाली?" प्रसन्न चिडून म्हणाला, आणि विमानाने आणखी घोट घेतला.

पुढचं सगळं सरळच होतं. हळबे बाईंनी तिथल्या तिथे निष्कर्ष काढला: विमानात दोष नव्हता हे खरं, पण आता आहे, विमानात एक कुरकुरणारा माणूस बसलेला आहे. हा दोष खरा आहे, मुद्दाम केलेला नाही, दिसतो लहान पण लक्षात राहतो. गालबोटाच्या सगळ्या अटी तो पुऱ्या करतो. फक्त गालबोट घरी ठेवून भागत नाही, ते गालावरच असावं लागतं.

"म्हणजे काय?" प्रसन्नने विचारलं.

"म्हणजे प्रत्येक फेरीला तुम्ही आत पाहिजे. मधल्या रांगेत, सगळ्यांना ऐकू येईल असे. पद आहे, 'गालबोट, कंत्राटी'. जेवणखाण आमचं. चॅनल मात्र बंद करावं लागेल. ते चालू राहिलं तर पुन्हा लोकांचे डोळे. आणि एक अट. या विमानाला परत कधीही चांगलं म्हणायचं नाही. झोपेतसुद्धा नाही."

चॅनल प्रसन्नने काकडीच्या एका चकतीपासून उभं केलं होतं. दुसऱ्या विमानात चढून नवीन दोष काढणं, त्यावर लोकांनी टाळ्या पिटणं, हे सोडायचं. आणि जे एकमेव विमान त्याला आवडलं, त्यात रोज बसून त्याच्याबद्दल एक बरा शब्द बोलायचा नाही. त्याला वाटलं, हे सगळं झुगारून उठावं आणि घरी जावं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. विमानाचा पंख त्याच्या बोलण्याची वाट पाहत किंचित थरथरत होता.

"सुट्टी?" त्याने विचारलं.

"मिळेल. पण बदली गालबोट तुम्ही आणून द्यायचं."

"कुठून आणू? कुरकुर काय झाडाला लागते? काहीही अटी घालता तुम्ही लोक," प्रसन्न म्हणाला, आणि त्याने सही केली. टाकी भरली.

भंगारवाला सोमवारी आला तेव्हा विमान नागपूरला गेलं होतं.

गगनसखीचं बरं चाललं. प्रवाशांना विमान फार आवडलं, पण प्रत्येक जण उतरताना म्हणायचा, "सगळं छान होतं, फक्त मधल्या रांगेतला तो माणूस..." तेवढं वाक्य पुरायचं. कोणाचीच नजर पूर्ण बसायची नाही. शेजारच्या प्रवाशाने विचारलं, "आपण काय करता?" तर प्रसन्न सांगायचा, "मी गालबोट आहे." बहुतेक जण म्हणायचे, "अच्छा, पर्मनंट का?" आणि तो म्हणायचा, "कुठलं पर्मनंट? कंत्राटी. राबवून घेतात नुसतं." हे कामातच धरलं जायचं.

एका सकाळी मृदुला त्याच्याबरोबर आली. तिला नागपूरला मैत्रिणीकडे जायचं होतं. विमान वर गेलं, ऊन पंखावर पसरलं, खाली डोंगरांवर धुकं पातळ होत होतं. पोहे आले. वाफ निघत होती. मृदुलाने खिडकीतून पाहिलं आणि तिच्या तोंडून निघणारच होतं, पण तिने जीभ चावली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले होते. गेले कित्येक महिने रोज दोन वेळा हे सगळं बघून गिळणारा माणूस आता बोलून बसतो की काय, असं तिला वाटलं. विमानाचा आवाजही जरा बदलला.

"इतकं भिकार विमान," प्रसन्न म्हणाला, "मी जन्मात पाहिलं नाही."

विमान मजेत वर चढलं.

मृदुला म्हणाली, "माझ्या आमटीला वीस वर्षं हेच म्हणतोयस तू."

प्रसन्नने रुमालाने नाक पुसलं आणि पुढच्या खुर्चीकडे बघत उत्तर दिलं.

"आमटी तर त्याहून भिकार असते," तो म्हणाला. "आणि तू तर विचारूच नकोस."

मृदुलाने लाजून तोंड खिडकीकडे वळवलं. प्रसन्नने बटण दाबून एअर होस्टेसला बोलावलं आणि लिंबाची फोड फारच पिवळी असल्याचं मोठ्या आवाजात तिच्या कानावर घातलं.