गुंगीतले जंतू

जिनदत्त आदगोंडा चौगुले याला तीन मुलींनी नाकारलं होतं, आणि तिन्ही वेळा कारण नाकावर बसलेलं होतं. चष्मा. नंबर उणे नऊ. दुसरी मुलगी तर म्हणाली म्हणे, "त्यांचे डोळे बरणीत घालून ठेवल्यासारखे दिसतात." मध्यस्थानं हा निरोप एक शब्दही न गाळता पोचवला. (असले प्रामाणिक मध्यस्थ आपल्याच नशिबी का येतात, कोण जाणे.)

चौथं स्थळ विश्रामबागेतलं. मुलगी सुरेखा, कॉलेजात सूक्ष्मजंतूंचा अभ्यास करत होती आणि वडील तिथंच प्राध्यापक. तेव्हा जिनदत्तानं ठरवलं, आता चष्मा नाही, लेन्स! साल अठ्ठ्याहत्तर. कुपवाडसारख्या गावात लेन्स कुणी पाहिली नव्हती. जिनदत्तानं मिरजेहून त्या गुपचूप आणल्या आणि तीन आठवडे मुळूमुळू रडत डोळ्यांना सवय लावली. डॉक्टरांनी बजावलं होतं, "रात्रभर या बाटलीतल्या औषधातच ठेवायच्या. साधं पाणी लावायचं नाही."

मुलगी बघायला जायचं होतं रविवारी. त्याआधीच्या सोमवारी सकाळी आईला कोनाड्यातली डबी सापडली.

"ह्यात काय रं?"

इथं त्यानं गप्प बसायला हवं होतं. पण ऑफिसात ज्या कारकुनाचं कुणी ऐकत नाही, त्याला घरी माहिती द्यायची दांडगी हौस असते. "औषध हाय, आक्का. रातभर काचा ह्यात बुडवायच्या. सगळे जंतू मरतात. औषधाला म्हणून एक शिल्लक राहत न्हाई!"

आईनं, म्हणजे राजमतीआक्कांनी, हातातलं तांदूळ पाखडायचं सूप खाली ठेवलं. जैनाचं घर. पाणी गाळल्याशिवाय पीत नाहीत. आणि नुसतं गाळून भागत नाही. फडक्यावर अडकलेले जीव अलगद त्याच आडात परत सोडायचे, त्याला जिवाणी म्हणतात. आक्कांनी लग्न होऊन आल्यापासून एक दिवस ती चुकवली नव्हती. नवरा वारला त्या दिवशीसुद्धा नाही.

"मी एकेका जिवाला दोरीनं आडात पोचवायलोय," त्या म्हणाल्या, "आनि तू माझ्या कोनाड्यात कत्तलखाना मांडलायस?"

"तसं न्हाई गं." जिनदत्त गडबडला. "मरत न्हाईत. त्यांना नुसती गुंगी येती."

"कवापतोर?"

"सकाळपतोर."

"मग उठत्यात?"

"उठतात की! ताजेतवाने होऊन."

"आनि सकाळी ते पाणी तू कुठं वततोस?"

"मोरीत."

"गुंगीतल्या जिवांना मोरीत?" आक्कांचे डोळे भरून आले.

एका खोट्याला झाकायला दुसरं खोटं सुचेना, तेव्हा जिनदत्त सायकलवर टांग मारून ऑफिसला पळाला. संध्याकाळी आई काही बोलली नाही. प्रकरण मिटलं, असं त्यानं गृहीत धरलं. (आई गप्प बसली म्हणजे मिटलं, असं समजणारी माणसं अजून जन्माला येतात, हे विशेष.)

त्या आठवड्यात एक चमत्कार झाला. रोज वापरूनही बाटलीतलं औषध कमी होईना. जिनदत्तानं हेडक्लार्क नानासो पाटलांना अभिमानानं सांगितलं, "परदेशी माल तो परदेशी माल!"

गुरुवारी डोळ्यात खुपायला लागलं. शुक्रवारी उजवा डोळा लाल झाला. आपण हात आखडता घेतोय असं वाटून त्यानं डबी काठोकाठ भरायला सुरुवात केली. शनिवारी डोळा डाळिंबाच्या दाण्यासारखा झाला, आणि रविवारी त्याच डोळ्यातून घळाघळा पाणी गाळत तो आईबरोबर विश्रामबागेत पोचला.

"डोळे आलेत वाटतं," मुलीचे काका म्हणाले आणि खुर्ची मागं सरकली. मग मामांची सरकली. मग प्राध्यापकांची. फक्त सुरेखानं आपली खुर्ची पुढं ओढली आणि त्याच्या डोळ्यात रोखून पाहिलं. आजवर कुठल्याही मुलीनं त्याच्याकडे इतकं निरखून पाहिलं नव्हतं. जमलं बरं का गड्या, असं त्याचं काळीज म्हणालं.

"लेन्स लावता?"

"हो."

"कशात ठेवता? त्यानं जंतू मरतात?"

जिनदत्तानं सुरेखाकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. आईही उत्तराची वाट बघत होती.

"मरतात," तो म्हणाला. "म्हणजे तसे मरत नाहीत. आपलं... निम्मे मरतात."

"आधी त्या काढा," सुरेखा म्हणाली. "ती बाटली आणि डबी माझ्याकडे पाठवून द्या. इथून तडक डॉक्टरांकडे जा. बुधवारी कॉलेजच्या प्रयोगशाळेत या."

लेन्स निघाल्या. चष्मा घरी. निघताना त्यानं प्राध्यापकांना वाकून नमस्कार केला. ते प्राध्यापक नसून कपाट होतं, हे आईनं रिक्षात सांगितलं आणि उतरेपर्यंत त्याचा हात घट्ट धरून ठेवला.

डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस गेले असते तर डोळा हातचा गेला असता. त्यांनी थेंब दिले. तेही जंतू मारायचेच. मग काय, जिनदत्त गोठ्यामागं लपून चोरासारखे ते डोळ्यात सोडू लागला. निम्मे गालावर, निम्मे म्हशीवर.

बुधवारी प्रयोगशाळेत सुरेखानं सूक्ष्मदर्शक नीट लावला आणि आक्कांना म्हणाली, "काकू, बघा. त्यांच्या बाटलीतलं आहे."

आक्का वाकल्या. "आई गं! किती हायती! आनि लगबग तरी कसली! जणू बाजारच भरलाय!" त्यांचा चेहरा उजळला. "पोरी, ह्यातला एकबी मेला न्हाई?"

"एकही नाही. तेच कळत नाही. चांगल्या औषधात रात्रभर ठेवलं तर यातलं सहसा काही उरत नाही."

"उरंल कसं न्हाई?" आक्का समाधानानं म्हणाल्या. "औषध मी सोमवारीच वतलं. तापल्या खडकावर, कुठल्या जिवाला लागाय नको म्हणून. बाटलीत रोज आडाचं पाणी भरत हुतो. दोनदा गाळून."

परदेशी मालाचा मालक जमिनीकडे बघत उभा राहिला. आता ही मुलगी हसणार आणि सगळं संपणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

सुरेखा हसली नाही. "काकू, ते पाणी प्यायला चांगलं आहे," ती हळू म्हणाली. "डोळ्याला नाही."

"म्हंजे हेच त्याच्या डोळ्यात गेलं? माझ्या हातनं?"

सुरेखानं मान डोलावली. आक्कांनी पुन्हा एकदा सूक्ष्मदर्शकात डोकावून पाहिलं.

"आनि आता थेंब घातलं न्हाई तर?"

"डोळा जाईल."

आक्कांनी हात पुढं केला. "आण रं ते थेंब. गोठ्यामागं लपून घालतोस, मला काय दिसत न्हाई व्हय?" त्यांनी णमोकार मंत्र म्हटला, पोराची मान वर केली आणि बरोब्बर दोन थेंब सोडले. "पाप लागलं तर मला लागूदे," त्या पुटपुटल्या. "आनि डोळा बरा झाला तरी काचा बंद. चष्मा लाव. चष्म्यानं कुनी मरत न्हाई."

जिनदत्तानं खिशातून चष्मा काढून लावला. सुरेखा पहिल्यांदाच स्पष्ट दिसली. चांगलीच देखणी होती. आणि तिला आता बरणीतले डोळे दिसत होते, त्यातला एक लाल. चौथंही स्थळ गेलं, असं मनाशी म्हणत तो आईला घेऊन बाहेर पडला. जिन्यावर त्याला खरोखरच रडू आलं. (डोळ्यात औषध होतं, म्हणून कुणाला कळलं नाही.)

शनिवारी होकार आला.

जिनदत्तानं होकाराचं पत्र तीनदा वाचलं, आणि लग्नापर्यंतचे दोन महिने तो आरशासमोर उभा राहून आपल्यात नेमकं काय आहे ते शोधत राहिला. जरा भारदस्तपणा आहे, असं त्याचं मत पडलं. लग्नानंतर चौथ्या दिवशी धीर करून त्यानं विचारलंच, "सुरेखा, खरं सांग. मला हो का म्हणालीस?"

"तुम्हाला?" सुरेखाला नवल वाटलं. "मी तर आक्कांना हो म्हणाले. जी बाई जंतूंना इतकं जपते, ती सुनेला काय छळणार, असा विचार केला मी."

"आणि मी?"

"तुम्ही काय," ती म्हणाली, "त्यांच्याबरोबर आलात."