रिकामे फुगे

फोन वाजला तेव्हा चित्रकार अक्कलदाढ काढायला गेला होता. ती मुळात आलीच कशी, हा प्रश्न त्याच्या सासऱ्यांना सकाळपासून पडला होता. जावई फोन घरीच विसरला होता, म्हणून तो त्यांनी उचलला.

"फुगे अजून रिकामेच आहेत," पलीकडून प्रकाशनाच्या संपादकबाई कडाडल्या. "पाचच्या आत भरून इथे आणा. नाहीतर छपाईला दुसरं पुस्तक जाईल आणि तुमचं पडेल पुढच्या वर्षावर." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला.

सासरे विचारात पडले. जावई कित्येक वर्षं घरात बसून एक चित्रकादंबरी काढत होता. ती यंदा छापली नाही, तर त्यानं सासऱ्यांच्या ओळखीनं गोदामात कारकुनी धरायची, असं ठरलं होतं. म्हणजे सासऱ्यांनी आता नुसतं गप्प बसायचं होतं. पण गोदामाचा विषय निघाला की लेकीचं तोंड उतरायचं, आणि ते त्यांना बघवत नसे. शिवाय पुस्तकाच्या समारंभाला फुगे लागणारच. जावयाच्या धंद्यातलं आपल्याला समजलेलं हे पहिलंच काम, म्हणून ते हुरूपानं उठले.

कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी फुग्यांचं मोठं पाकीट आणलं आणि गाल दुखेपर्यंत फुगवले. टॅक्सीत आधी फुगे बसले, मग उरलेल्या जागेत सासरे. वाटेत एक फुटला, तेव्हा टायर गेला असं समजून ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि चारही चाकं दाबून पाहिली.

"हे काय?" संपादकबाईंनी विचारलं.

"फुगे. भरून आणलेत. जावई दाढ काढायला गेलेत."

"अहो, बोलायचे फुगे."

"आता फुग्यांनी बोलायचं म्हणजे जरा अतीच होतंय, बाई."

बाईंनी कपाळाला हात लावला आणि शेवटचं पान पुढे सरकवलं. पेन्सिलीच्या चित्रात बाकावर एक तरुण आणि एक म्हातारा बसले होते. तरुणाच्या तोंडाजवळच्या गोलात लिहिलं होतं, 'मला चित्रंच काढायचीत.' म्हाताऱ्याजवळचे दोन गोल कोरे होते.

"याला आम्ही फुगा म्हणतो. यावर म्हातारा काय बोलेल, तेच त्यांना सुचत नाहीये. म्हटलं, खऱ्या माणसाला विचारा. तर म्हणतात, छाती होत नाही."

सासऱ्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. म्हाताऱ्याचा स्वेटर त्यांचा होता, बसायची ढब त्यांची होती, आणि चेहऱ्याच्या मधोमध तर शंकेला जागाच नव्हती. त्यांना फार वाईट वाटलं. आपण इतके अवघड आहोत, हे त्यांना आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"पेन्सिल द्या," ते म्हणाले.

घरी परतल्यावर फोनवर बाईंचं नाव पाहून चित्रकार प्रकाशनात धावत आला, तेव्हा त्याचा एक गाल सुजला होता आणि तोंडात कापूस होता. फुगे बाजूला सारत तो टेबलापाशी पोचला. पहिल्या गोलात सासऱ्यांच्या ठसठशीत अक्षरात होतं, 'काढ.'

त्यानं ते दोनदा वाचलं. डोळे भरून आले. काहीतरी बोलायला गेला, पण बधिर तोंडातून नुसती हवा निघाली.

"पुढचंही वाचा, जावईबापू."

दुसऱ्या गोलात होतं, 'पण नाक लहान काढ.'

चित्रकारानं निमूटपणे टेबलावरचा खोडरबर उचलला आणि शेंड्याकडून सुरुवात केली.

"अजून थोडं," सासरे म्हणाले.