बाहीतला सौदा

मी भित्रा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. मी कुत्र्याला भितो, साहेबाला भितो, घोड्याला तर फारच (स्वतःच्या वरातीत घोडीवर बसून मी पूर्ण वेळ रामरक्षा म्हणत होतो, सासरच्यांना वाटलं, जावई धार्मिक आहे). आणि थंडीला भितो. त्यामुळे माझ्या बायकोने, हेमांगीने, सारंगखेड्याच्या यात्रेत पहाटेच दत्ताचं दर्शन घ्यायचं ठरवलं, तेव्हा तापीकाठची हवा आठवून मला शहाद्यात घरबसल्या हुडहुडी भरली.

म्हणून जॅकेट घ्यायचं ठरलं. दुकानदार म्हणाला, आत स्वेटर घालणार असाल तर एक नंबर मोठं घ्या. हेमांगी म्हणाली होती, स्वेटर घालूनच दुकानात चला, म्हणजे अंदाज येईल. पण भर दुपारी बाजारातून स्वेटर घालून जायची मला लाज वाटली. मी आपला मनातच अंदाज बांधला. बनियन, शर्ट, अर्धा स्वेटर, पूर्ण स्वेटर, प्रत्येकासाठी एक नंबर मोठं. जॅकेट चढवलं तर बाह्या पार गुडघ्याला लागल्या. आत ऊब खेळती राहते, असं मी सांगून पाहिलं. हेमांगीने पैसे मोजून टाकले. (ती वाद घालत नाही तेव्हा मी जास्त भितो.)

यात्रेत पोचलो तेव्हा हातभर अंतरावरचं दिसत नव्हतं, इतकं धुकं. हेमांगी बायकांच्या रांगेत गेली. मी एका शेकोटीपाशी जाऊन उभा राहिलो आणि जरा उजाडल्यावर कळलं की मी घोडेबाजाराच्या मधोमध आहे. हलावं तर लाथ बसेल, पळावं तर बाह्या पायात येतील. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात माझ्या बाहीत कुणाचा तरी हात शिरला.

आता, इथे घोड्याची किंमत तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली हातात हात घालून बोटं दाबतात. काय ठरलं ते त्या दोघांनाच ठाऊक. माझी लोंबती बाही पाहून हिलाल नावाच्या त्या व्यापाऱ्याला वाटलं असणार, गिऱ्हाईक आडोसा अंगावर घेऊनच आलंय. मला वाटलं, पाकीटमार. मी त्याची बोटं गच्च आवळली. तो सोडवू लागला तशी आणखी आवळली. त्यात माझा हात लटलटा कापत होता, म्हणजे त्याच्या मते मी घासाघीससुद्धा करत होतो.

"सौदा जमना, साहेब," हिलालने जाहीर केलं. "घोडी आते तुमनी शे." आणि लगाम माझ्या बाहीत खोचला.

शेकोटीभोवतीचे सगळे माना डोलवू लागले. या बाजारात शब्द फिरवणाऱ्याला पुन्हा कुणी उभं करत नाही, आणि हेमांगीचं माहेर इथून हाकेच्या अंतरावर. घोडी माझ्या कानात फुरफुरली. आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. जिना चढणारी घोडी डोळ्यांपुढे आली. मी मोठ्याने रामरक्षा सुरू केली.

त्या आवाजावरून हेमांगी मला शोधत आली. तिने घोडी पाहिली, लगाम पाहिला, मला पाहिलं.

"भाऊ," ती हिलालला म्हणाली, "यास्ले घोडानं भ्याव वाटस."

सगळी शेकोटी हसली. हिलालही हसला, पण सौदा रिकाम्या हाताने मोडत नाही, काहीतरी मान द्यावा लागेल म्हणाला. घोडीच्या मागे तिचं शिंगरू गारठून कापत उभं होतं. हेमांगीने एकदा शिंगराकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि सरळ माझ्या जॅकेटची चेन उघडली.

शिंगराचे पुढचे पाय बाह्यांत गेले, चेन पाठीवर लागली. ना सैल, ना घट्ट. कापणं थांबलं बिचाऱ्याचं. माझं सुरू झालं.

"माप बराबर शे, साहेब," हिलाल मनापासून म्हणाला.

त्या जॅकेटबद्दल कुणी चांगलं बोलल्याची ती पहिलीच वेळ. मी जरा ताठ झालो. हेमांगीने मात्र कॉलरमधून दोन बोटं आत घालून जागा चाचपली आणि हळूच म्हणाली, "अहो, आत एक स्वेटर आरामात मावेल. काढा."

मी काढला.